चहा स्वस्त होणार होता, तरीही तो समुद्रात का टाकला?

शिक्षिका, चाळीसगाव

मी चाळीसगाव तालुक्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवते. गेल्या आठवड्यात अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धाची कारणे शिकवत असताना एका विद्यार्थ्याने एक प्रश्न विचारला. त्याचे उत्तर मला तासाला नीट देता आले नाही आणि ती गोष्ट मनाला लागून राहिली आहे. त्याच्या घरी कपाशीची शेती आहे, त्यामुळे भाव, खर्च आणि पट्टी यांचा हिशेब त्याला घरातूनच कळतो. तो म्हणाला, "मॅडम, इंग्लंडमधल्या लोकांपेक्षा अमेरिकेतल्या वसाहतींवर कर कमी होता, असे तुम्हीच सांगितले. 1773 च्या कायद्याने चहाही आधीपेक्षा स्वस्त मिळणार होता. मग त्यांचे नुकसान नेमके काय झाले, की बॉस्टनला त्यांनी तो समुद्रात टाकला?" मी "प्रतिनिधित्व नाही, तर कर नाही" ही घोषणा सांगितली आणि वर्गाने ती वहीत उतरवून घेतली. त्या मुलाचे मात्र समाधान झाले नाही, हे त्याच्याकडे पाहूनच कळत होते.

दुसरी अडचण शब्दाची आहे. ‘वसाहत’ म्हटले की मुलांच्या डोळ्यांसमोर आपला देश येतो. अमेरिकेतील लोकही आपल्यासारखेच परकीयांनी जिंकलेले होते, असे ती धरून चालतात. या दोन्ही गोष्टी बारावीच्या मुलांना पटतील अशा कशा सांगाव्यात? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

निवृत्त प्राध्यापक, धुळे

ताई, आपण दुसरी म्हणून सांगितलेली अडचण मी आधी घेतो, कारण ती सुटली की पहिली निम्मी सुटते.

खानदेश 1818 मध्ये कंपनी सरकारच्या ताब्यात आला. आपण इंग्रज आहोत असे येथील रयतेला कधी वाटले नाही आणि राज्यकर्त्यांनीही तिला तसे कधी मानले नाही. 1852 मध्ये सावदा, रावेर, चोपडा या भागांत जमिनीच्या नव्या मोजणीविरुद्ध शेतकरी उठले, तेव्हा पार्लमेंटात आपला माणूस नाही हे त्यांचे गाऱ्हाणे नव्हते. मोजणी झाली की सारा वाढणार, ही त्यांची धास्ती होती. अमेरिकेतील तेरा वसाहतींमधील गोऱ्या लोकांची गोष्ट निराळी होती. त्यांच्यात जर्मन, डच, स्कॉटिश, आयरिश अशी घराणी असली तरी बहुतेकांचे मूळ इंग्लंडमध्ये होते. राजाचा वाढदिवस ते उत्साहाने साजरा करीत आणि इंग्लंडने फ्रान्सला हरवले तेव्हा त्यांनी घंटा वाजवल्या. इंग्रजांचे राज्य नको, असे ते म्हणत नव्हते. आम्ही इंग्रजच आहोत, मग इंग्रजाचे हक्क आम्हांला का नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. जिंकलेल्या प्रजेचा राग आणि घरच्या माणसाला परक्यासारखे वागवल्याचा राग यांत फरक असतो. तो मुलांना दाखवून द्यावा, असे मला वाटते.

आता कराकडे वळू. व्हर्जिनियात लोकांनी निवडलेली सभा 1619 पासून होती. पुढे प्रत्येक वसाहतीत अशी सभा उभी राहिली. मत देण्याचा हक्क मालमत्ता असलेल्या पुरुषांपुरता होता. तरीही स्थानिक कर बसवणे, रस्ते बांधणे आणि बहुतेक ठिकाणी राजाने नेमलेल्या गव्हर्नरचा पगार मंजूर करणे, ही कामे या सभांकडे होती. पगार आपल्या हाती असला की मोठा अधिकारीही आपले म्हणणे ऐकून घेतो, हे त्या लोकांना चांगले ठाऊक होते. लंडन इकडे फारसे लक्ष देत नसे. समुद्री व्यापाराचे कायदे होते, पण पुष्कळसे कागदावरच राहत. मळीचे उदाहरण पाहा. वेस्ट इंडीजच्या परकीय बेटांवरून येणाऱ्या मळीवर 1733 मध्ये गॅलनमागे 6 पेनी जकात बसवली होती. याच मळीपासून रम गाळली जाई आणि न्यू इंग्लंडच्या, म्हणजे ईशान्येकडच्या वसाहतींच्या, बंदरांचा मोठा व्यवहार तिच्यावर चाले. ही जकात कोणी नीट भरली नाही आणि कोणी नीट वसूलही केली नाही. तीस वर्षे असे चालले की लोकांना तोच नियम वाटू लागतो.

1763 मध्ये फ्रान्सबरोबरचे सात वर्षांचे युद्ध संपले. ब्रिटनचे कर्ज साडेसात कोटी पौंडांच्या आसपास होते, ते 12 कोटींच्या पुढे गेले. अमेरिकेत सुमारे 10,000 सैनिक कायम ठेवायचे ठरले. ज्यांच्या रक्षणासाठी हा खर्च होतो त्यांनी त्यातला काही भार उचलावा, असे पंतप्रधान ग्रेनव्हिल यांना वाटले आणि लंडनमध्ये बसून पाहिल्यास त्यात गैर काहीच दिसत नव्हते. 1764 मध्ये त्यांनी मळीची जकात 6 वरून 3 पेनीवर आणली, म्हणजे दर निम्मा केला. पण आता ती खरोखर वसूल होणार होती. गस्तीची जहाजे वाढली आणि माल पकडला गेला तर खटला गावातल्या ज्यूरीसमोर न चालवता, ज्यूरीच नसलेल्या नौदल न्यायालयात नेता येऊ लागला. असे एक न्यायालय दूर, आजच्या कॅनडातल्या हॅलिफॅक्सला स्थापले गेले. आपल्या विद्यार्थ्याला हा आकडा फळ्यावर लिहून दाखवा: दर 6 वरून 3, आणि असंतोष मात्र वाढला.

त्याच वर्षी वसाहतींच्या कागदी चलनावर निर्बंध आले. 1765 च्या मार्चमध्ये मुद्रांकाचा कायदा झाला. वर्तमानपत्रे, खरेदीखते, परवाने, पदवीची प्रमाणपत्रे, अगदी पत्त्यांचे जोडसुद्धा त्यात आले. हा कर पौंडांत भरायचा होता आणि चांदीचे नाणे तर बाजारात मुळातच कमी होते. वकील, छापखानेवाले आणि व्यापारी हे तीन वर्ग एकाच वेळी दुखावले गेले. बोलणारे, लिहिणारे आणि पैसा असणारे असे सारेच एकदम दुखावले की सरकारचे काय होते, हे त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत दिसून आले. ऑक्टोबरमध्ये नऊ वसाहतींचे प्रतिनिधी न्यूयॉर्कला एकत्र जमले. 1 नोव्हेंबरला कायदा लागू झाला, तेव्हा मुद्रांक विकायला माणूस मिळेना. नेमलेल्या वितरकांनी लोकांच्या भीतीने आधीच राजीनामे दिले होते.

पांझराकाठ

सरांनी ‘सवय’ हा मुद्दा मांडला आहे, त्याला जोड देण्यासाठी लिहितो. मी साक्री तालुक्यातला शेतकरी आहे. आमच्या पांझरा नदीवर फड पद्धतीचे जुने बंधारे आहेत. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडलेले असतात, कोणत्या फडात कोणते पीक घ्यायचे हे शेतकरी मिळून ठरवतात, पाटकरी प्रत्येकाच्या पाळीप्रमाणे पाणी देतो, जागल्या राखण करतो आणि कोणी पाणी चोरले तर पंच दंड करतात. यातले पुष्कळसे नियम कोणी लिहून ठेवलेले नव्हते. माझ्या आजोबांना दंड झाला होता आणि तो त्यांनी मुकाट्याने भरला, कारण दंड ठरवणारे लोक त्याच पाटाचे पाणी घेणारे होते.

पुढे वरच्या बाजूला धरण झाले आणि पाणी कधी सुटणार हे दूरच्या एका कार्यालयात ठरू लागले. माझ्या वडिलांच्या सांगण्यानुसार पहिल्या एक-दोन वर्षांत पाणी कमी मिळाले असे नाही. तरीही लोक चिडले. पाळी चुकली तर विचारायचे कोणाला, हे कळेनासे झाले होते. ताई, आपल्या विद्यार्थ्याच्या गावी असे काही घडले असेल तर त्याच्याकडूनच काढून घ्या. किती द्यायचे याच्याइतकेच, कोणी ठरवायचे हेही माणसाला महत्त्वाचे वाटते. अमेरिकेतल्या त्या सभा दीडशे वर्षे आपापल्या पाटाचे पाणी आपणच वाटत होत्या.

टपाल खात्यातून निवृत्त, भुसावळ

माझी सारी नोकरी टपाल खात्यात गेली, म्हणून या विषयात मला नेहमी एकच गोष्ट आधी दिसते, ती म्हणजे पत्राला लागणारा वेळ. मुद्रांकाचा कायदा 18 मार्च 1766 रोजी रद्द झाला आणि ही बातमी बॉस्टनला 16 मे रोजी पोहोचली. हे 59 दिवस होतात आणि तेही बातमी आनंदाची असताना. पूर्वेचा वारा नसेल तर जहाजाला याहूनही वेळ लागे. तक्रार पाठवायची, तिच्यावर विचार व्हायचा आणि उत्तर यायचे, यात चार-पाच महिने सहज जात. तोवर इकडची परिस्थिती पार बदललेली असे आणि आलेले उत्तर जुन्याच प्रश्नाला दिलेले असे. ब्रिटिश खासदार एडमंड बर्क यांनी 22 मार्च 1775 रोजी पार्लमेंटात हेच सांगितले होते. हुकूम आणि त्याची अंमलबजावणी यांच्यामध्ये समुद्र उसळत असतो आणि महिने जात असतात, एखाद्या मुद्द्याचा खुलासा वेळेवर न मिळाल्याने सारी व्यवस्था कोसळू शकते, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. बर्क काही वर्षे न्यूयॉर्क वसाहतीचे लंडनमधील मुखत्यार होते, त्यामुळे हे त्यांना ऐकीव नव्हते.

मुखत्यारांचा उल्लेख मुद्दाम केला. वसाहतींचे खासदार नव्हते. त्यांच्या वतीने लंडनमध्ये मुखत्यार असत आणि ते विनंती करू शकत, मत देऊ शकत नसत. बेंजामिन फ्रँकलिन हे पेनसिल्व्हेनियाचे असेच मुखत्यार होते. 1766 मध्ये पार्लमेंटापुढे त्यांची प्रदीर्घ साक्ष झाली. 1763 पूर्वी वसाहतींची मनःस्थिती कशी होती असे विचारले असता, ती जगात सर्वोत्तम होती, असे उत्तर त्यांनी दिले. त्या साक्षीनंतर लवकरच कायदा मागे घेतला गेला.

यावर सरकारची बाजू अशी होती की, मँचेस्टर आणि बर्मिंगहॅम या मोठ्या शहरांनाही खासदार नाहीत, तरी पार्लमेंट साऱ्या साम्राज्याचे प्रतिनिधित्व करते, तसेच ते वसाहतींचेही करते. वरवर हे बिनतोड वाटते. पण मँचेस्टरवर बसणारा कर शेजारच्या गावातल्या खासदारालाही भरावा लागे, म्हणून तो विचार करून हात वर करी. बॉस्टनवर बसवलेला कर त्या सभागृहातल्या एकालाही भरावा लागत नव्हता. उलट तिकडचा जितका वाढेल तितका त्याच्या स्वतःच्या मतदाराचा कमी होण्याची आशा होती.

आणखी एक गोष्ट आहे. मुद्रांकाचा कायदा ज्या दिवशी रद्द केला, त्याच दिवशी दुसरा कायदा संमत झाला. वसाहतींसाठी कोणत्याही बाबतीत कायदे करण्याचा अधिकार आम्हांला आहे, असे त्यात लिहिले होते. लोक रोषणाई करीत होते आणि पुढच्या भांडणाचा कागद त्याच टपालात होता.

कापूस व्यापारी, धरणगाव

चहाविषयी मी लिहितो, कारण तो मुद्दा व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिल्याशिवाय उलगडत नाही.

1767 मध्ये काच, शिसे, रंग, कागद आणि चहा यांवर जकात आली. तिच्या उत्पन्नातून गव्हर्नर आणि न्यायाधीश यांचे पगार देण्याची योजना होती. सरांनी वर पगाराचे सांगितले आहे, ते येथे लक्षात घ्यावे, कारण ही योजना सफल झाली असती तर सभांच्या हातातली दोरीच सुटली असती. लोकांनी ब्रिटिश माल घेणे बंद केले. 1770 मध्ये बाकीची जकात उठली, पण चहावरची पौंडामागे 3 पेनी तत्त्वासाठी ठेवली गेली. त्यानंतर बराचसा चहा डच व्यापाऱ्यांकडून चोरून येऊ लागला.

इकडे ईस्ट इंडिया कंपनी बुडायच्या बेतात आली होती. तिला बंगालची दिवाणी, म्हणजे महसूल वसूल करण्याचा हक्क, 1765 मध्ये मिळाली होती. 1770 च्या दुष्काळात बंगाल उद्ध्वस्त झाला आणि कंपनीच्या गोदामांत लाखो पौंड वजनाचा चहा पडून होता. 1773 मध्ये, म्हणजे आपल्याकडे नारायणराव पेशव्यांचा खून झाला त्याच वर्षी, पार्लमेंटाने तिला इंग्लंडमधील जकातीची सूट देऊन चहा थेट अमेरिकेत नेण्याची मुभा दिली. अमेरिकेतली 3 पेनी जकात मात्र कायम ठेवली. चहा चोरट्या डच चहापेक्षाही स्वस्त पडणार होता. आता विक्री कोण करणार होते ते पाहा. कंपनीने स्वतः निवडलेले मोजके आडते ती करणार होते आणि बॉस्टनमध्ये त्यांत गव्हर्नर हचिन्सन यांचे दोन मुलगे होते. मी बाजारात तीस वर्षे काढली आहेत. एकाच खरेदीदाराने पहिल्या वर्षी चांगला भाव दिला आणि बाकीचे खरेदीदार उठून गेले, तर तिसऱ्या वर्षी काय होते, हे आपल्या विद्यार्थ्याच्या वडिलांना विचारावे. आज चहा आहे, उद्या दुसरा माल असेल, हे तिथल्या व्यापाऱ्यांनी ओळखले होते.

त्यांचा स्वार्थ होता, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. चोरट्या चहात ज्यांचे पैसे गुंतले होते त्यांचा धंदा बसणार होता. पण एवढ्यावरून सारी चळवळ चोरट्या व्यापाऱ्यांची होती असे म्हणता येत नाही, कारण स्वस्त चहाचा फायदा ज्यांना मिळणार होता तेही रस्त्यावर आले होते. पेनसिल्व्हेनियाचे वकील आणि लेखक जॉन डिकिन्सन यांनी त्याच वर्षी आपल्या देशबांधवांना बजावले होते की, या कंपनीने आशियात काय केले ते पाहा. बंगालचा दुष्काळ तिकडच्या वृत्तपत्रांत वाचला गेला होता, हे वाचून मला फार वाटले. ज्या कंपनीने पुढे आपला खानदेश घेतला, तिची ओळख बॉस्टनच्या गोदीवरच्या लोकांना आपल्याआधी झाली होती.

समुद्रात टाकण्याचे कारण मात्र फार व्यावहारिक होते. न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया येथून जहाजे परत गेली. बॉस्टनमध्ये हचिन्सन त्यांना परत जाऊ देईनात आणि वीस दिवसांत जकात भरली नाही तर अधिकारी माल जप्त करून उतरवणार होते. पहिल्या जहाजाची मुदत 17 डिसेंबरला संपत होती. म्हणून 16 डिसेंबर 1773 च्या रात्री तीन जहाजांवरच्या 342 पेट्या फोडून पाण्यात टाकल्या गेल्या.

सातपुड्याच्या पायथ्याशी

मी धडगावकडचा आहे आणि वरच्या सर्वांचे आदरपूर्वक वाचन करूनही एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. असंतोषाचे एक मोठे कारण येथे कोणीच मांडले नाही. 7 ऑक्टोबर 1763 रोजी राजाने जाहीरनामा काढून अॅपलाचियन पर्वताच्या पश्चिमेला वस्ती करण्यास मनाई केली. तो मुलूख तिथल्या मूळ रहिवाशांसाठी राखून ठेवला होता. त्याच वर्षी पॉन्टिअॅकच्या नेतृत्वाखाली त्या लोकांनी लढा दिला होता आणि सरकारला आणखी युद्धाचा खर्च नको होता. जमिनीचे सौदे करणाऱ्यांना ही मनाई फार झोंबली. त्यांत जॉर्ज वॉशिंग्टनही होते. म्हणजे दूरच्या सरकारने जुलूम केला म्हणून जसा राग होता, तसा दुसऱ्याची जमीन घेऊ दिली नाही म्हणूनही होता.

आमच्या भिल्ल पूर्वजांना 1818 नंतर डोंगरात कसे कोंडले गेले आणि 1825 मध्ये त्यांच्यातूनच भिल्ल पलटण कशी उभारली गेली, हे आम्ही ऐकत आलो आहोत. म्हणून ‘वसाहतवासी’ हा शब्द वाचला की त्यांच्या पश्चिमेला कोण राहत होते, हे मी आधी पाहतो. शिवाय तेरा वसाहतींतील सुमारे 25 लाख लोकांपैकी जवळजवळ पाचवा हिस्सा गुलाम होता. 1775 च्या नोव्हेंबरमध्ये व्हर्जिनियाचे गव्हर्नर डनमोर यांनी बंडखोरांचे जे गुलाम राजाच्या बाजूने लढतील त्यांना मुक्त करण्याचे जाहीर केले, तेव्हा दक्षिणेतले कित्येक डळमळीत मळेवाले राजाच्या विरोधात गेले. ताई, वर्गात हेही सांगावे, ही विनंती.

निवृत्त प्राध्यापक, धुळे

धडगावच्या बंधूंचे म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे आणि माझ्या उत्तरात ते राहून गेले, ही माझी चूक आहे. मी एवढेच जोडतो की, यातून ती तक्रार खोटी ठरत नाही, तर अपुरी ठरते. ज्यांनी हक्काची भाषा वापरली, त्यांनी ती आपल्यापुरतीच वापरली.

शिक्षिका, चाळीसगाव

सर्वांचे मनापासून आभार. फडाचे उदाहरण आणि मळीचे 6 व 3 हे आकडे मी सोमवारच्या तासाला घेणार आहे आणि 1763 चा जाहीरनामाही त्याच तासाला घेईन. एक शंका उरली आहे. सर म्हणाले की हे लोक राजाचा वाढदिवस साजरा करीत. मग राग पार्लमेंटावरून राजावर केव्हा आणि कसा गेला?

निवृत्त प्राध्यापक, धुळे

ताई, तो फार उशिरा गेला. चहाच्या प्रकरणानंतर 1774 मध्ये बॉस्टनचे बंदर बंद केले गेले आणि बॉस्टन ज्या वसाहतीत होते त्या मॅसॅच्युसेट्सच्या कारभाराची सनदच बदलली. तेव्हा सप्टेंबरमध्ये बारा वसाहतींचे प्रतिनिधी फिलाडेल्फियात जमले. त्यांनी दाद मागितली ती राजाकडेच. वाईट सल्लागारांनी आणि पार्लमेंटाने चूक केली आहे, राजाला खरे कळले तर तो थांबवील, अशी त्यांची श्रद्धा होती. 19 एप्रिल 1775 रोजी लेक्झिंग्टन आणि कॉन्कर्डला ब्रिटिश सैनिक आणि वसाहतींतले लोक यांच्यात गोळ्या झाडल्या गेल्या, त्यानंतरही जुलैमध्ये त्यांनी सलोख्याचा अर्ज पाठवला. तिसऱ्या जॉर्जने तो स्वीकारला नाही आणि 23 ऑगस्टला वसाहती बंडात आहेत असे जाहीर केले. ही बातमी अमेरिकेत पोहोचायला शरद ऋतू उजाडला. वडील म्हणून ज्याच्याकडे पाहिले, त्यानेच दार लावले होते.

त्यानंतर आठ-नऊ महिन्यांत सारे बदलले. 4 जुलै 1776 चा जाहीरनामा मुलांना मुळातून वाचायला द्यावा, त्यातली तक्रारींची यादी अवघड नाही. एकापाठोपाठ एक वाक्य ‘त्याने’ या शब्दाने सुरू होते आणि तो ‘तो’ म्हणजे राजा. ज्या पार्लमेंटाशी अकरा-बारा वर्षे भांडण चालले होते, त्याचे नाव त्या यादीत कुठेच नाही. एका कलमात एवढेच म्हटले आहे की, राजाने इतरांशी संगनमत करून आम्हांला परक्या अधिकाराखाली आणले. ते ‘इतर’ म्हणजे पार्लमेंट, आणि ‘परका’ हा शब्द त्यांनी आता स्वतःच वापरला होता.